परदेशातल्या रेल्वे अपघाताचा धडा आपल्या रिले रूमपर्यंत कसा पोहोचावा?

भुसावळकडच्या एका तरुण सिग्नल इंजिनिअरचा प्रश्न आहे: ब्रिटन, जपान, कॅनडा इथल्या रेल्वे अपघातांचे चौकशी अहवाल आता घरबसल्या वाचायला मिळतात. पण तिकडची यंत्रणा वेगळी, नियम वेगळे, हवामान वेगळं. अशा अहवालांचा आपल्या कामाला खरोखर उपयोग होतो का? आणि देशादेशांत हे धडे वाटून घेण्याची काही व्यवस्था आहे का?

उपयोग होतो. किती होतो हे सांगण्यासाठी सिग्नलचंच उदाहरण घेतो, कारण ते तुमचंही क्षेत्र आहे आणि माझंही.

१२ डिसेंबर १९८८, सोमवार. सकाळी आठच्या सुमारास लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ एका चालकाला सिग्नल अचानक लाल झालेला दिसला. नियमाप्रमाणे तो पुढच्या सिग्नलपाशी थांबला आणि फोन करायला उतरला. त्याची गाडी रुळावर उभी असताना मागचा सिग्नल लाल राहायला हवा होता. तो राहिला नाही. मागून भरलेली दुसरी गाडी येऊन आदळली, शेजारच्या रुळावरून येणारी तिसरी रिकामी गाडी त्या ढिगाऱ्यात घुसली. ३५ माणसं गेली, जवळपास पाचशे जखमी झाली.

कारण सापडलं ते एका वायरीत. दोन आठवड्यांपूर्वी रिले रूममध्ये, म्हणजे सिग्नलची विद्युत जोडणी असलेल्या खोलीत, नवं वायरिंग झालं होतं. जुनी वायर कापून काढायची, ती एका टोकाला जोडलेलीच राहिली आणि दुसरं टोक नुसतं बाजूला वाकवून ठेवलेलं. अपघाताच्या आदल्या दिवशी त्याच जागी दुसरं काम निघालं, वायर हलली आणि तिचं उघडं टोक पुन्हा जुन्या टर्मिनलला टेकलं. त्यामुळे रुळावर गाडी उभी आहे हे सर्किटला कळेनासं झालं. काम करणाऱ्या तंत्रज्ञाला १३ आठवड्यांत एकच दिवस सुट्टी मिळाली होती. काम झाल्यावर दुसऱ्या माणसाने वायरी मोजून पाहायच्या, तेही झालं नव्हतं.

सर अँथनी हिडन यांच्या चौकशीने ९३ शिफारशी केल्या. पण तो अहवाल मोठा ठरतो तो शिफारशींच्या संख्येमुळे नव्हे. हिडन तंत्रज्ञापाशी थांबले नाहीत. हा माणूस वर्षानुवर्षं असंच काम करत आला आणि त्याला कुणी टोकलं कसं नाही, हे त्यांनी विचारलं. चाचणीबद्दलची सूचना कागदावर होती, मग ती ज्याने पाळायची त्याच्या हातात का पोहोचली नाही, हेही विचारलं. तीन वर्षांपूर्वी, १९८५ मध्ये, ऑक्स्टेड इथे वायरिंगमधल्या चुकांमुळे सिग्नलने खोटा संकेत दाखवल्याच्या घटना घडल्या होत्या. त्यांतून जे शिकायचं ते त्याच प्रदेशातल्या पुढच्या कामांपर्यंत गेलं नाही, हेही त्यांनी नोंदवलं.

आता दुसरी तारीख: २ जून २०२३, ओडिशातलं बाहानगा बाजार स्टेशन, बालासोरजवळ. कोरोमंडल एक्स्प्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल मिळाला, पॉइंट (गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारा सांधा) मात्र बाजूच्या लूप लाइनकडे होता. लूपवर लोहखनिजाने भरलेली मालगाडी उभी. एक्स्प्रेस पूर्ण वेगात तिच्यावर गेली आणि घसरलेले डबे शेजारून जाणाऱ्या यशवंतपूर-हावडा गाडीच्या वाटेत आले. २९० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीचा निष्कर्ष रेल्वेमंत्र्यांनी जुलै २०२३ मध्ये संसदेत सांगितला: उत्तरेकडच्या सिग्नल गुमटीत (सिग्नलची यंत्रं ठेवलेल्या रुळाकाठच्या खोलीत) पूर्वी केलेल्या सर्किट बदलात त्रुटी होत्या, आणि ९४ क्रमांकाच्या फाटकाचा विजेवर चालणारा अडथळा बदलताना झालेल्या कामातही त्रुटी राहिल्या. लोकेशन बॉक्समधल्या (वायरी जोडण्याच्या रुळाकाठच्या पेटीतल्या) वायरींवरची लेबलं प्रत्यक्ष सर्किटशी जुळत नव्हती, आणि ते वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

दोन अपघातांत साडेचौतीस वर्षांचं अंतर. तंत्र वेगळं, देश वेगळा, मृतांची संख्या कितीतरी जास्त. पण चौकशीचे दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवून वाचले की सिग्नलच्या माणसाच्या अंगावर काटा येतो. चालू लाइनवर वायरिंगचं काम, सर्किटचा नकाशा आणि जागेवरची वायर यांत फरक, काम झाल्यावर स्वतंत्र तपासणी अपुरी, आणि सिग्नल चालकाशी खोटं बोलला.

ऑक्स्टेडसारखा इशाराही आपल्याकडे होता. १६ मे २०२२ रोजी त्याच खरगपूर डिव्हिजनमध्ये बांकडानयाबाज स्टेशनवर चुकीच्या वायरिंगमुळे असाच प्रकार घडला होता. तेव्हा वेळीच उपाय झाले असते तर बाहानगा घडलं नसतं, असं आयुक्तांनीच लिहिलं. ८ फेब्रुवारी २०२३ रोजी कर्नाटकात होसदुर्ग रोड स्टेशनवर सिग्नलने दाखवलेला मार्ग आणि पॉइंटचा प्रत्यक्ष मार्ग वेगळे निघाले. लोको पायलटने गाडी थांबवली म्हणून ती एक्स्प्रेस वाचली. दुसऱ्याच दिवशी त्या झोनच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने पत्र लिहून यंत्रणेतल्या गंभीर दोषाकडे लक्ष वेधलं. ते पत्र देशभर चर्चेत आलं ते बाहानगानंतर.

म्हणून तुमच्या प्रश्नात मी थोडी भर घालतो. लंडनहून धडा बालासोरला का आला नाही, हे विचाराच. पण होसदुर्गहून बालासोरला का आला नाही, हे आधी विचारा. ज्या रेल्वेत एका झोनमधला टळलेला अपघात दुसऱ्या झोनमधल्या गुमटीत काम करणाऱ्या माणसाला कळत नाही, तिथे परदेशातला अहवाल कितीही चांगला असला तरी तो वाचनालयातच राहणार.

आणि ब्रिटनबद्दलही गैरसमज नको. १५ ऑगस्ट २०१७ रोजी लंडनच्या वॉटर्लू स्टेशनात सुटलेली लोकल शेजारी उभ्या असलेल्या कामाच्या गाडीला घासली. वेग कमी होता, कुणाला इजा झाली नाही. पण चौकशीत निघालं की चाचणीच्या काळात नकाशात नसलेलं, कुणाच्या हिशेबात नसलेलं जादा वायरिंग सर्किटमध्ये घातलं गेलं होतं. त्यामुळे पॉइंट नीट लागलेला नसताना लागल्याचं दिसत होतं. त्याआधी डिसेंबर २०१६ मध्ये कार्डिफला बंद करायचा पॉइंट पक्का न करता लाइन सुरू केली गेली होती. ब्रिटनच्या तपास संस्थेने वॉटर्लूच्या अहवालात स्पष्ट म्हटलं की क्लॅपहॅमचे धडे उद्योगाच्या स्मरणातून पुसट होत चालले आहेत. क्लॅपहॅम पाहिलेली माणसं निवृत्त झाली होती. नियम होते, पण ते नियम का आले हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

अहवालातून काय घ्यायचं आणि काय सोडायचं, याचं उत्तर मला इथे दिसतं. शिफारशी एका देशातून दुसऱ्या देशात नीट जात नाहीत. त्या तिथल्या कायद्याला, तिथल्या संस्थांना उद्देशून लिहिलेल्या असतात. अमुक कंपनीने अमुक मानक बदलावं, हे वाचून आपण फक्त मान डोलावतो. अपघात ज्या क्रमाने घडला तो क्रम मात्र जसाच्या तसा प्रवास करतो. कोणतं संरक्षण असायला हवं होतं, ते केव्हापासून नव्हतं, आणि ते नसताना सगळं सुरळीत चाललंय असं का वाटत राहिलं? या तीन प्रश्नांची उत्तरं कुठल्याही देशातल्या इंजिनिअरला कळतात.

वळणावरच्या वेगाचं प्रकरण घ्या. २५ एप्रिल २००५ रोजी जपानमध्ये आमागासाकी इथे लोकल ताशी ७० किमी मर्यादेच्या वळणावर ताशी ११६ किमी वेगाने गेली आणि इमारतीवर आदळली. १०६ प्रवासी आणि चालक मरण पावले. चालक २३ वर्षांचा होता. आधीच्या स्टेशनवर गाडी फलाटाच्या पुढे गेल्यामुळे दीड मिनिटाच्या आसपास उशीर झाला होता, आणि अशा चुकांसाठी त्या कंपनीत चालकांना अपमानास्पद ‘पुनर्प्रशिक्षणाला’ बसवत. वळणापाशी वेग तपासून ब्रेक लावणारी यंत्रणा त्या मार्गावर अजून बसली नव्हती. जपानने त्यानंतर अशा वळणांवर ती सक्तीची केली.

पुढे काय झालं ते पाहा. २४ जुलै २०१३, स्पेन, सांतियागो दे कोंपोस्तेला: ८० किमीच्या वळणावर १७९ किमी, ८० मृत्यू. चालक गाडीतल्या कर्मचाऱ्याशी कामाच्या फोनवर बोलत होता, आणि वेगावर सतत नजर ठेवणारी यंत्रणा वळणाच्या काही किलोमीटर आधीच संपत होती. त्याच वर्षी १ डिसेंबरला न्यूयॉर्कमधल्या स्पायटन डायव्हलला ताशी ३० मैलांच्या वळणावर ८२ मैल, ४ मृत्यू, चालकाला निदान न झालेला झोपेचा विकार. १२ मे २०१५, फिलाडेल्फिया: ५० मैलांच्या वळणावर १०६ मैल, ८ मृत्यू. नोव्हेंबर २०१६, लंडनजवळ क्रॉयडनची ट्राम: २० किमीच्या वळणावर ७३ किमी, ७ मृत्यू. २१ ऑक्टोबर २०१८, तैवान: ७५ किमीच्या वळणावर १४० च्या आसपास, १८ मृत्यू, आणि वेग रोखणारी यंत्रणा चालू गाडीत बंद केलेली.

फोन, झोप, उशिराचं दडपण. माणसाच्या बाजूची कारणं प्रत्येक वेळी वेगळी आहेत. पण मोकळ्या लाइनवरून कडक वळणावर येताना वेग कमी करण्याचं संपूर्ण ओझं एकट्या चालकाच्या लक्षावर टाकलेलं होतं, हे सगळीकडे सारखं. फिलाडेल्फियाचा तपशील तर प्रत्येक डिझाइनरने वाचावा असा आहे. त्याच वळणावर विरुद्ध दिशेने येणाऱ्या गाड्यांसाठी वेग रोखण्याची सोय होती. या दिशेला नव्हती, कारण वळणाआधीची वेगमर्यादा ८० मैल होती आणि ८० मैलांनी गाडी वळणावर उलटत नाही असा हिशेब होता. गाडी मर्यादेपेक्षा जोरात येऊ शकते, हे त्या हिशेबात धरलंच नव्हतं. ‘इथे एवढ्या वेगाने गाडी येणारच नाही’ हे वाक्य मी आपल्याकडच्या बैठकांतही ऐकलं आहे.

स्पेनचा अपघात आणखी एका गोष्टीसाठी महत्त्वाचा. अपघातापूर्वी दीड वर्ष चालकांच्या एका प्रमुखाने त्या वळणाच्या धोक्याबद्दल लेखी कळवलं होतं. आणि अपघातानंतरची स्पेनची चौकशी पुरेशी स्वतंत्र नव्हती, असा ठपका युरोपच्या रेल्वे एजन्सीने २०१६ मध्ये ठेवला. जपानमध्येही २००९ मध्ये उघड झालं की चौकशी आयोगाच्या एका सदस्याने अहवालाचा मजकूर आधीच रेल्वे कंपनीला पुरवला होता. तेव्हा परदेशी अहवाल हातात घेताना तो कोणी लिहिला, त्याच्यावर कोणाचा दाब होता, हे पाहायचंच. परदेशी आहे म्हणून तो निर्दोष असतो असं नाही.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग व्यवस्थेचा. विमानांच्या बाबतीत १९५१ पासून शिकागो कराराचं १३ वं परिशिष्ट आहे. अपघात कुठेही होवो, चौकशी कशी करायची, कोणकोणत्या देशांचे प्रतिनिधी तिच्यात असावेत, अहवाल कोणाला पाठवायचा, सगळं ठरलेलं. रेल्वेला असं जागतिक छत्र नाही. विमान रोज सीमा ओलांडतं, रेल्वे बहुतेक देशांत घरातच धावते, म्हणून कुणाला ती गरज भासली नाही.

जिथे गाड्या आणि डबे सीमा ओलांडतात तिथे मात्र ती भासली. २९ जून २००९ च्या रात्री इटलीतल्या व्हियारेज्जो स्टेशनात एलपीजीच्या टँक वाघिणीच्या चाकांचा आस तुटला, गॅस शेजारच्या घरांत पसरला आणि पेटला. ३२ मृत्यू. वाघीण ऑस्ट्रियन कंपनीच्या मालकीची, आसाची दुरुस्ती जर्मनीत झालेली, अपघात इटलीत. एका देशाने स्वतःचे नियम बदलून काही साधणार नव्हतं. त्यातून संपूर्ण युरोपात मालवाघिणींच्या आसांची डोळ्यांनी तपासणी करण्याची एकच पद्धत आली, आणि वाघिणींच्या देखभालीची जबाबदारी ज्या संस्थेकडे, तिला प्रमाणपत्राची सक्ती झाली. २ जानेवारी २०१९ रोजी डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट पुलावर जोरदार वाऱ्यात मालगाडीवरचा ट्रेलर सुटून समोरून येणाऱ्या प्रवासी गाडीवर आला, ८ जण गेले. ट्रेलर वाघिणीला पक्का धरणारी कडी लॉक झाली नव्हती. तेव्हा युरोपच्या एजन्सीने अंतिम अहवालाची वाट न पाहता सगळ्या देशांचे तपास अधिकारी, कंपन्या आणि वाघिणींचे मालक एकत्र बसवून तातडीच्या सूचना दिल्या. मला युरोपची ही पद्धत सगळ्यांत जास्त आवडते. पूर्ण अहवालाला वर्ष लागो, धोका कळला की तो आजच सांगायचा.

याचा पाया २००४ च्या युरोपीय निर्देशात आहे. प्रत्येक सदस्य देशात रेल्वे चालवणाऱ्यांपासून स्वतंत्र तपास संस्था हवी, दोष ठरवणं हा तिचा हेतू नाही, आणि अहवाल शक्यतो बारा महिन्यांत प्रसिद्ध करायचा. त्यापलीकडे १९९३ मध्ये कॅनडा, नेदरलँड्स, स्वीडन आणि अमेरिका यांच्या तपास मंडळांनी सुरू केलेली आंतरराष्ट्रीय संघटना आहे, रेल्वे सुरक्षेची वार्षिक आंतरराष्ट्रीय परिषद भरते, पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय रेल्वे संघाचे सुरक्षा गट आहेत. हे सगळं उपयोगी, पण तिथे वरिष्ठांची भेट वरिष्ठांशी होते. तिथून खाली गुमटीपर्यंतचा रस्ता ज्याने त्याने बांधायचा.

आपल्याकडे बाहेरच्या तज्ज्ञांची नजर वर्ज्य होती असं मुळीच नाही. १७ जुलै १९३७ रोजी पाटण्याजवळ बिहटा इथे एक्स्प्रेस घसरून शंभराहून अधिक लोक गेले. एक्सबी जातीची पॅसिफिक इंजिनं वेगात डोलायची आणि रूळ वाकडा करायची, असा संशय होता. त्याच्या शोधासाठी ब्रिटनचे मुख्य रेल्वे निरीक्षक कर्नल माउंट यांच्या अध्यक्षतेखाली समिती आली. तिच्यात प्रसिद्ध इंजिन डिझाइनर विल्यम स्टॅनिअरही होते. समितीने इंजिन आणि रूळ दोन्ही एकत्र तपासले, एकट्या चालकाला किंवा एकट्या पी-वेवाल्याला (रूळ सांभाळणाऱ्याला) धरलं नाही. याच काळात रेल्वेचे निरीक्षक रेल्वे बोर्डाच्या हाताखाली नसावेत, हा विचार पक्का झाला. १९४० मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाने तो मान्य केला आणि १९४१ मध्ये निरीक्षक टपाल आणि हवाई खात्याकडे गेले. आजचा रेल्वे सुरक्षा आयोग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली का, असं अनेकांना कोडं पडतं. त्याचं मूळ या निर्णयात आहे.

पण स्वातंत्र्याचं ते बीज पुरतं वाढलं नाही. आयुक्त येतात रेल्वे सेवेतूनच. त्यांचे तपशीलवार अहवाल नियमाने प्रसिद्ध होत नाहीत. बाहेर येतो तो वार्षिक गोषवारा, संसदेतलं उत्तर, किंवा वर्तमानपत्राच्या हाती लागलेली पानं. अहवालाच्या शेवटी प्राथमिक जबाबदार कोण, दुय्यम जबाबदार कोण, अशी यादी असते, आणि खालपर्यंत पोहोचते ती एवढीच. बाहानगानंतर सीबीआयने तिघा कर्मचाऱ्यांना अटक केली. गुन्हा घडला असेल तर कायद्याने त्याचं काम करावंच. पण सुरक्षेच्या चौकशीपुढे बोललेलं उद्या आरोपपत्रात जाईल असं वाटलं तर कोणता मेंटेनर सांगेल की ‘साहेब, आम्ही रोज असंच करतो, नाहीतर गाड्या अडतात’? आणि हे वाक्य ज्या अहवालात नाही, त्या अहवालातून दुसऱ्या देशाने काय शिकायचं?

डॉ. अनिल काकोडकर यांच्या उच्चस्तरीय समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये हे नेमकं सांगितलं होतं. नियम करणं, गाड्या चालवणं आणि नियम पाळले का ते पाहणं, तिन्ही एकाच रेल्वे बोर्डाकडे असू नयेत, स्वतंत्र वैधानिक सुरक्षा प्राधिकरण असावं. समितीच्या १०६ शिफारशींपैकी पैशाच्या आणि यंत्रांच्या शिफारशींना पुढे वाट मिळाली. प्राधिकरण मात्र झालं नाही. माझ्या मते त्या अहवालातली सगळ्यांत महत्त्वाची शिफारस तीच होती.

आपण फक्त घेणारे आहोत, असंही समजू नका. कोकण रेल्वेचं पाहा. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कटिंगमधली (डोंगर कापून केलेल्या वाटेतली) दरड कोसळून कारवार-मुंबई विशेष गाडी घसरली, पन्नासहून अधिक प्रवासी गेले. पुढच्याच वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ रुळावर आलेल्या दगडांमुळे मत्स्यगंधा एक्स्प्रेस पुलावरून खाली गेली. त्यानंतर कोकण रेल्वेने जे उभं केलं ते जगाला दाखवण्यासारखं आहे. पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक, घटवलेला वेग, पाऊस इतका की पुढचं दिसेनासं झालं तर लोको पायलटने ताशी ४० किमीवर यायचं, कटिंगांवर रात्रंदिवस गस्त. माणगाव, चिपळूण, रत्नागिरीपासून मडगाव, उडुपीपर्यंत स्वयंचलित पर्जन्यमापक, काळ, सावित्री आणि वाशिष्ठी नद्यांच्या पुलांवर पाणी वाढल्याचा इशारा देणारी यंत्रं, पानवलच्या उंच पुलावर आणि मांडवी-झुआरीवर वारा मोजणारी यंत्रं. यातलं बरंचसं साधं आहे. मोलाचं आहे ते गृहीतक: मुसळधार पावसात लाइन सुरक्षित आहे असं आधी दिसलं पाहिजे, मग वेग.

१२ ऑगस्ट २०२० रोजी स्कॉटलंडमध्ये कारमाँट इथे नेमकं उलटं गृहीतक होतं. पहाटेपासून प्रचंड पाऊस, आसपास ठिकठिकाणी पाणी आणि माती रुळावर. परत फिरवलेल्या गाडीच्या चालकाने विचारलं की वेग कमी ठेवू का, त्याला सांगितलं गेलं की नेहमीच्या वेगाने या. ताशी ७३ मैलांवर गाडी वाहून आलेल्या खडीवर चढली आणि चालक, कंडक्टर आणि एक प्रवासी असे तिघे गेले. उतारावरचा निचऱ्याचा नाला मूळ आराखड्याप्रमाणे बांधलाच नव्हता, आणि ते कुणी तपासलं नव्हतं. २०२२ च्या अहवालात अतिवृष्टीत वेग कमी करण्याच्या पद्धतीवर पानंच्या पानं आहेत. वैभववाडीचा तपशीलवार, इंग्रजीत प्रसिद्ध झालेला, कारणांची साखळी उलगडणारा अहवाल स्कॉटलंडच्या कंट्रोल रूममध्ये कुणी वाचलेला असता तर काही फरक पडला असता का, हे सिद्ध करता येणार नाही. पण असा अहवाल आपण जगापुढे ठेवलाच नाही, एवढं नक्की. कोकणातल्या गस्तीवाल्याला ठाऊक असलेली गोष्ट कारमाँटला पोहोचण्याचा मार्गच नव्हता. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उभी गाडी आपोआप पळण्याबद्दल थोडक्यात. जुलै २०१३ मध्ये कॅनडात लाक-मेगांतिकला उतारावर उभी केलेली तेलाची मालगाडी पळाली आणि ४७ माणसं जळून गेली. हातब्रेक पुरेसे लावले नव्हते, इंजिनाच्या हवेच्या ब्रेकवर भिस्त होती आणि इंजिन बंद केल्यावर हवा हळूहळू उतरली. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी आपल्याकडे कठुआहून ५३ वाघिणींची मालगाडी लोको पायलटशिवाय निघाली आणि सत्तर किलोमीटरच्या आसपास धावत पंजाबात उंची बस्सीला थांबवली गेली. जीवितहानी झाली नाही म्हणून ती बातमी व्हिडिओपुरती राहिली. त्या घटनेची चौकशी कॅनडाच्या अहवालाइतक्याच खोलात जाऊन प्रसिद्ध व्हायला हवी होती. ४७ मृत्यू न होता तोच धडा मिळत असेल तर तो स्वस्तात मिळालेला धडा आहे.

आता तुम्ही काय करायचं. परदेशी अहवाल हातात आला की शिफारशींचं प्रकरण शेवटी ठेवा. आधी ‘यापूर्वीच्या अशा घटना’ हा भाग उघडा. चांगल्या अहवालात तो असतोच आणि बहुतेक वेळा तोच सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्हला १९९९ मध्ये ३१ जण गेले, तो एसएन १०९ सिग्नल आधीच्या सहा वर्षांत आठ वेळा लाल असताना ओलांडला गेला होता. तुमच्या सेक्शनमधला असा सिग्नल कोणता, हे तुम्हाला लगेच आठवेल. आठवला तर त्याच्या नोंदी काढा.

मग कंपन्यांची, स्टेशनांची, यंत्रांची नावं वगळून घटनाक्रम आपल्या शब्दांत अर्ध्या पानावर लिहा. आपल्या हुद्द्यांत लिहा: मेंटेनर, सेक्शन इंजिनिअर, स्टेशन मास्तर, लोको पायलट. लिहिताना जिथे ‘आपल्याकडे असं होत नाही’ असं वाटेल तिथे थांबा, आणि ते कशावरून, याचा जागेवरचा पुरावा शोधा. मॅन्युअलमधला नियम हा पुरावा नव्हे. क्लॅपहॅमलाही नियम होता, बाहानगालाही होता. रंगापानीला जून २०२४ मध्ये कांचनजंगा एक्स्प्रेसवर मालगाडी आदळली, त्या दिवशीही बंद पडलेले स्वयंचलित सिग्नल ओलांडायची परवानगी देणारा फॉर्म होता. पण त्या फॉर्मवर जाणाऱ्या वेगवेगळ्या गाड्यांनी वेग वेगवेगळे ठेवले, कारण काय करायचं हे सगळ्यांना सारखं समजलेलं नव्हतं.

ते अर्धं पान तुमच्या माणसांच्या भाषेत वाचून दाखवा. मराठीत, हिंदीत, जी चालते तीत. नंतर गप्प बसून ऐका. ‘आपल्याकडे अमुक ठिकाणी असंच आहे’ असं कुणीतरी म्हणेल. त्या माणसाला त्या क्षणी मेमो मिळाला, तर पुन्हा तुम्हाला कुणी काही सांगणार नाही. ब्रिटनमध्ये १९९६ च्या सुमारास स्कॉटलंडमधून सुरू झालेली गोपनीय कळवण्याची व्यवस्था याच भीतीवर उपाय म्हणून आली, आणि ती रेल्वे कंपन्यांच्या बाहेर ठेवली गेली. तुमच्याकडे तशी व्यवस्था येईल तेव्हा येईल, तोवर तुमच्या सेक्शनपुरता हा विश्वास तुम्हालाच सांभाळावा लागेल.

वाचायला सुरुवात वॉटर्लूच्या अहवालाने करा. हिडन यांचा अहवाल नंतर घ्या, तो मोठा आहे आणि त्याला वेळ द्यावा लागतो. वॉटर्लूमध्ये कुणी मेलं नाही, म्हणून लक्ष दुःखावर न जाता वायरीवर राहतं. तात्पुरतं वायरिंग कुणी घातलं, कशासाठी, नकाशावर का आलं नाही, आणि काढायचं राहिलं कसं, हे त्यात पायरीपायरीने दिलेलं आहे. तो वाचून झाला की तुमचा पुढचा ब्लॉक (कामासाठी गाड्या थांबवण्याचा वेळ) ज्या लोकेशन बॉक्सवर आहे, तो ब्लॉकच्या आधी एकदा उघडा. मंजूर सर्किट डायग्राम हातात घेऊन प्रत्येक टर्मिनलचं लेबल आणि प्रत्यक्ष वायर जुळवून बघा. जुळलं नाही तर डिस्कनेक्शन (कामासाठी सिग्नल यंत्रणा तोडण्याची परवानगी) मागू नका. फरक लेखी कळवा, नकाशा दुरुस्त होईपर्यंत काम पुढे ढकला, आणि तीच नोंद शेजारच्या सेक्शनच्या इंजिनिअरलाही पाठवा.